७५ डिग्रीला पॉलिएस्टरचं नक्की काय होतं?

प्रश्न : मकरपुऱ्यात मोटर रिवाइंडिंगचं काम आहे. स्लॉटमध्ये पॉलिएस्टर फिल्म घालतो. तिचा टीजी, म्हणजे ग्लास ट्रान्झिशन, ७५ डिग्री म्हणतात आणि वाइंडिंग तर ११० पर्यंत तापतं. मग फिल्म टिकते कशी?

उत्तर : दादा, टीजी म्हणजे वितळणं नव्हे, कडक प्लास्टिक सैल पडायला लागतं ते तापमान. पीईटी, म्हणजे तुमच्या फिल्मचं पॉलिएस्टर, वितळतं २५५ च्या आसपास. फिल्म बनवताना ती आडवी-उभी ताणून मग गरम करून सेट करतात, त्यामुळे तिच्यात स्फटिक भरपूर, टीजीला सैल पडतो तो फक्त मधला विस्कळीत भाग आणि स्फटिक त्याला धरून ठेवतात. म्हणून तर ती इन्सुलेशनच्या १३० डिग्रीच्या बी क्लासला चालते. खरी भीती ओलीची. उष्णतेत पाणी एस्टरचे बंध तोडतं, फिल्म कडक होऊन तडकायला लागते. वार्निशच्या आधी वाइंडिंग ओव्हनमध्ये नीट वाळवा, पावसाळ्यात तर घाई अजिबात नको.

प्रश्न : कोल्ड्रिंकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आकसते, का?

उत्तर : तेही पीईटीच. बाटली १०० डिग्रीच्या आसपास ताणून फुगवतात, गार साच्यात तो ताण तसाच अडकून राहतो, पुन्हा टीजी ओलांडला की रेणूंच्या ताणलेल्या लांब साखळ्या मागे फिरतात.

प्रश्न : एम. एस. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करतोय. पीईटी आणि पीईएन (त्याच्याच जातीचं दुसरं पॉलिएस्टर) यांच्या ५०:५० ब्लेंडच्या डीएससीत (सॅम्पल तापवत उष्णता मोजायची चाचणी) एका सॅम्पलला दोन टीजी आले, दुसऱ्याला एकच. चुकलं कुठे?

उत्तर : बहुतेक कुठेच नाही, आधी बघ कुठलं सॅम्पल एक्स्ट्रूडरमध्ये किती वेळ होतं. नुसती मिसळलेली ही दोन पॉलिएस्टर आपापली राहतात, आलेखात टीजीची एक पायरी ७५ ला (पीईटी), दुसरी १२० ला (पीईएन). पण २८०-२९० डिग्रीला पुरेसा वेळ मिळाला की साखळ्या आपसात तुकडे बदलतात (ट्रान्सएस्टरिफिकेशन ते हेच) आणि कोपॉलिमर होऊन एकच टीजी उरतो. किती, ते फॉक्सच्या समीकरणाने काढ, पण केल्विनमध्येच: ३४८ आणि ३९३ घेतले की ३६९ येतं, म्हणजे ९६ डिग्री. सेल्सिअस टाकलंस तर ९२ येईल, जवळचं वाटेल, तरी चूकच.

आता हेच इलेक्ट्रिकलीही मोजच. टीजीखाली एस्टरचे द्विध्रुव (एक टोक धन, दुसरं ऋण असलेले गट) जागच्या जागी जेमतेम हलतात, वर गेलं की साखळीचा मोठा तुकडा फील्डबरोबर वळायला लागतो, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट चढतो आणि टॅन डेल्टाला (उष्णतेत वाया जाणाऱ्या विजेचं माप) शिखर येतं. १ किलोहर्ट्झला ते शिखर डीएससीच्या टीजीपेक्षा बरंच वर दिसेल, फ्रिक्वेन्सी वाढवलीस की आणखी वर सरकेल, तेव्हा आकडे जुळत नाहीत म्हणून मशीनला दोष देऊ नकोस, आलेखाखाली फ्रिक्वेन्सी लिही. आणि सॅम्पल वाळवून घे, ओल राहिली की टीजी खाली घसरतो.