मालवणला एका दिवसात स्कूबा: पाणी, पाव आणि परतीचे विमान

नमस्कार ताई,

जानेवारीपर्यंत थांबायचे नाही, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने मुंबईहून कुडाळला उतरायचे, दिवसा मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचे आणि त्याच संध्याकाळी गोव्यातल्या मोपा विमानतळाहून परतायचे, असा आपला बेत आहे. आपण दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेले बासष्ट वर्षांचे सासरे, यांपैकी कोणालाच पोहता येत नाही. शिवाय मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मैत्रिणीला गढूळ पाण्यापलीकडे काही दिसले नाही, म्हणून आपल्याला धास्ती वाटते आहे. मी गेली अकरा वर्षे दर हिवाळ्यात मालवणच्या पाण्यात उतरतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मैत्रिणीने सांगितले ते खोटे नसणार. कर्ली आणि गड या नद्या पावसाळ्यात जो गाळ समुद्रात आणून टाकतात, तो खाली बसून पाणी निवळायला नोव्हेंबर उजाडतो. मात्र महिना योग्य असला तरी दिवस चुकतो, आणि दिवस कसा निवडावा हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारावे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाण्याला ओढ असते आणि तळाची वाळू सारखी ढवळत राहते. अष्टमी ते दशमी या भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर कमी असल्याने पाणी शांत आणि त्यामानाने नितळ राहते. मी सुट्ट्या कॅलेंडरच्या तारखा पाहून घेत नाही, त्याच्या चौकटीत छापलेली तिथी पाहून घेतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो तोवर पाणी तेल ओतल्यासारखे सपाट असते, आणि दहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुरू झाला की लाटा उठू लागतात. रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून, तीसएक किलोमीटर रस्त्याने जाऊन, आवरून जेटीवर पोहोचेपर्यंत नेमकी हीच वेळ होते, शिवाय रात्रीच्या अपुऱ्या झोपेने होडी लागण्याची शक्यता वाढते. म्हणून आदल्या रात्री मालवणला मुक्काम करावा आणि सकाळी साडेसातला होडीत बसावे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र मी टाळतोच, कारण त्या दिवसांत एकाच खडकाभोवती इतक्या होड्या लागतात की शेकडो पायांनी उडवलेली वाळू दिवसभर खाली बसत नाही. जानेवारीतली अष्टमी साधता आली, तर बेत पुढे ढकलण्याबद्दल घरात पुन्हा एकदा बोलून पाहावे.

आता काय दिसेल ते सांगतो. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या छायाचित्रांतले फांद्याफांद्यांचे प्रवाळ इथे मनात धरून येऊ नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि तिथले प्रवाळ बहुतेक ढेकळांसारखे, गोल, मेंदूवरच्या वळ्यांसारखी नक्षी असलेले आहेत. गाळाच्या पाण्यात तग धरतात ते मुख्यतः हेच. आपल्याला सहा ते आठ मीटरपर्यंत नेतील आणि चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसेल. पाण्यात खोल जाताना सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात सगळे निळसर-हिरवे दिसते आणि छायाचित्रांतले भडक रंग दिव्यामुळे किंवा नंतरच्या संस्कारांमुळे आलेले असतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. खाली गेल्यावर क्षणभर श्वासाच्या बुडबुड्यांचा आवाज थांबला की कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट चोहीकडून ऐकू येतो. तो खडकांच्या फटींत राहणाऱ्या, नांगी मिटून आवाज काढणाऱ्या बारीक कोळंबीचा असतो. पोपटमासा चोचीने खडक खरवडताना दिसतो, फटीतून हेकरू नावाचा मासा डोकावतो, आणि मासळी बाजारात जिला आपण रंगावरून ओळखतो ती तांबोशी इथे राखाडी दिसते.

हे सगळे दिसावे असे वाटत असेल, तर माझी एक कळकळीची विनंती आहे: होडीत बसतानाच पाव टाकू नका असे सांगावे. पुष्कळ ठिकाणी चित्रीकरणात मासे भरपूर दिसावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे सोडतात. त्याबरोबर पाठीवर पिवळी झाक आणि अंगावर पाच काळे पट्टे असलेल्या सार्जंट मेजर माशांचा थवा अंगावर येतो, चित्रफीत छान होते, पण त्या गर्दीत बाकीचे लाजरे मासे फटींत शिरतात आणि पर्यटक एकच जात पाहून वर येतो. एकदा मी एका खडकासमोर स्थिर राहून बराच वेळ पाहत होतो. तळहाताएवढा जांभळट चट्टा खडकावर होता. जवळून पाहिल्यावर कळले की ती खसखशीएवढी, एकमेकींना चिकटून बसवलेली अंडी आहेत. त्यांच्यासमोर एक नर सार्जंट मेजर अंग निळसर करून उभा होता, शेपटीने पाणी हलवत होता आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक माशाला हुसकावत होता, माझ्या हातमोज्यालाही त्याने दोनदा टोचले. तेवढ्यात शेजारच्या गटाने पाव सोडला, थवा खडकावर उतरला, एकटा नर कुठवर पुरणार, आणि दोन मिनिटांत त्या चट्ट्याच्या कडा कुरतडल्या गेल्या. तेव्हापासून मी पाव टाकणाऱ्यांच्या होडीत बसत नाही.

पाण्यात आपल्याला पोहावे लागत नाही. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो. खरी काळजी कानांची घ्यावी लागते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कानातल्या हवेचे आकारमान निम्म्यावर येते, आणि या बदलाचा जोर पहिल्या दोन-तीन मीटरांतच सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून डोके पाण्याखाली जाताच मास्कवरून नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलावी, आणि दुखण्याची वाट न पाहता दर अर्ध्या मीटरला तेच करावे. माझ्या पहिल्या वेळी सराव न देताच एका प्रशिक्षकाने मला घाईने खाली नेले. कान दुखतो हे सांगायची खूण मला माहीत नव्हती आणि पुढचे तीन आठवडे उजव्या कानाने नीट ऐकू आले नाही. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात किंवा तरणतलावात किमान वीस मिनिटे सराव देणाऱ्यांकडेच जावे. दोन खुणा मुलीकडून घटवून घ्याव्यात: अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या', आणि अंगठा व तर्जनी जोडून केलेले वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. छान वाटते म्हणून अंगठा दाखवणाऱ्या कितीतरी मुलांना दोन मिनिटांत वर आणलेले मी पाहिले आहे. श्वास मात्र कधीच रोखून धरू नये, विशेषतः वर येताना, कारण फुप्फुसातली हवा प्रसरण पावत असते.

मुलीचे वय चालेल. स्कूबाचे प्रशिक्षण देणाऱ्या पाडी (PADI) या संस्थेच्या नियमानुसार अशा पहिल्या अनुभवासाठी दहा वर्षे पूर्ण असावी लागतात. सर्दी असेल तर मात्र पैसे भरलेले असले तरी तिला उतरवू नये. सासऱ्यांच्या बाबतीत मी ठाम आहे: त्यांच्या डॉक्टरांची लेखी संमती असल्याशिवाय त्यांनी पाण्याखाली जाऊ नये, आणि जेटीवर सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर रक्तदाबाचा रकाना कोरा सोडू नये. संमती मिळाली नाही, तर त्या वेळात त्यांना शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये पायाभरणी केलेला किल्ला निवांत पाहता येईल.

संध्याकाळचे विमान रद्द करावे. पाण्याखालच्या दाबात अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान 18 तास उड्डाण टाळावे, असा सर्वमान्य संकेत आहे. आपण सकाळी नऊला वर आलात तर बारा तास रात्री नऊला भरतात. त्यापेक्षा रात्रीच्या गाडीने परतावे, किंवा आणखी एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशीचे विमान घ्यावे.