शेपटी उभारून पळणारा तो पक्षी तितर आहे का?

तुम्ही विचारलंय, की घानाच्या मोले राष्ट्रीय उद्यानात खडकांवरून शेपटी उभारून पळणारी छोटी कोंबडी दिसली, ती आपल्या तितराची जात का?

वर्णनावरून तो स्टोन पार्ट्रिज. नाव तितराच्या घराण्यातलं, पण नातं वेगळंच निघालं, आणि मला या पक्ष्याचं सगळ्यात वेड लावलं ते त्यानेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की त्याचे जवळचे भाऊबंद आफ्रिकेत नाहीत, आशियातही नाहीत. ते अटलांटिकपलीकडे आहेत, बॉबव्हाइटसारखे अमेरिकेतले लावे! आफ्रिकेत या शाखेचे दोनच पक्षी उरलेत. दुसरा नाहान्स पार्ट्रिज, काँगो आणि युगांडाच्या दाट जंगलातला. त्याला तर बरीच वर्षं फ्रँकोलिनांत, म्हणजे तितरांच्याच गोतावळ्यात धरत होते.

मी उत्तर घानात कामाला होतो तेव्हा पहाटे मोलेच्या कड्याखाली जाऊन बसायचो. दगड तिथला तांबूस, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखा. एकदा पाच-सहा जण माझ्यापासून दहा पावलांवर आले. गडद तपकिरी अंग, छातीवर फिकट बदामी ठिपका, डोळ्याभोवती उघडी लाल कातडी, पाय मळकट लाल. मी जरा हललो आणि सगळे खडकाच्या फटीत गडप. उडाला एकही नाही. पळण्यावरच त्यांचा भरवसा.

तुमच्याकडे फोटो असेल तर पाय मोठे करून बघा. आपल्या राखी तितराच्या नराला पायावर अणकुचीदार आर असते, याला ती नसते. आकारानेही हा थोडा लहान, साधारण २५ सेंटीमीटर. नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. बिया, कोंब, फळं, किडे असं मिळेल ते खातात. घरटं म्हणजे दगडाच्या किंवा गवताच्या आडोशाला केलेला खळगा, त्यात चार ते सहा अंडी.

सेनेगल-गॅम्बियापासून इथिओपिया-केनियापर्यंत खडकाळ झुडपी रानात हा सापडतो. पुन्हा गेलात तर उजाडताना कान द्या. एक जण शीळ घालायला लागतो, दुसरा त्यात मिसळतो, मग अख्खा थवा वाढत्या लयीत ओरडू लागतो. मला तर तो आधी ऐकूच आला होता, दिसला नंतर.