दोन अंगठ्यांसाठी मराठी कीबोर्ड

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रास्पबेरी पाय झिरो (एका छोट्या बोर्डावरचा संगणक) वापरून हातात धरून लिहिता येईल असा छोटा संगणक बनवतो आहे. कीबोर्डसाठी चार ओळी आणि ओळीत 10 बटणं एवढीच जागा आहे. तो बाबांसाठी आहे आणि ते ऑफिसात इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करतात. पण इन्स्क्रिप्ट 10 बटणांच्या ओळीत मावत नाही. नवी मांडणी करू का? आणि 40 बटणांना 40 पिना लागतील का?

उत्तर : नवी मांडणी अजिबात करू नकोस. बाबांच्या हाताला वळण पडलंय, ते मोडायला नको हे तर आहेच. पण बाबांना इन्स्क्रिप्ट येत नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. इन्स्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. 'कोकिळा' लिहून बघ: क उजवीकडे, ओकार डावीकडे, क उजवीकडे, वेलांटी डावीकडे, ळ उजवीकडे, काना डावीकडे. एक अंगठा बटण दाबतो तोवर दुसरा पुढच्या बटणावर पोचलेला असतो. 1986 साली दहा बोटांसाठी ठरवलेली मांडणी दोन अंगठ्यांना इतकी चपखल बसते, याचं मला आजही अप्रूप वाटतं. महापे एमआयडीसीत हातात धरायच्या बिलिंग मशीनचं फर्मवेअर (यंत्राच्या आतल्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) लिहिताना मी हे रोज बघते.

आता 10 बटणांत न मावणाऱ्यांचं बघू. इंग्रजी पी, सेमीकोलन आणि स्लॅश यांच्या पलीकडचं सगळं कापलं जातं. म्हणजे ड, ट आणि 'डॉक्टर'मधला ॉ गेले. वरची आकड्यांची ओळ नसल्यामुळे 'कृपा'मधला ृ आणि 'बॅग'मधला ॅ हेही बेघर झाले.

पण रिकाम्या खोल्याही आहेत. इन्स्क्रिप्ट बहुतेक भारतीय लिप्यांसाठी एकाच साच्यात बसवलेलं आहे, त्यामुळे त्यात दाक्षिणात्य भाषांसाठीचे ऩ, ऴ आणि ऱ्हस्व ॆ आहेत. बाबांना ते कधीच लागणार नाहीत. स्वल्पविराम आणि पूर्णविराम चौथ्या ओळीत स्पेसच्या दोन्ही बाजूंना खाली उतरव, की उजव्या अंगठ्याजवळ दोन चांगली बटणं मोकळी होतात. स्वल्पविरामाच्या जागी ट-ठ, पूर्णविरामाच्या जागी ड-ढ. स्वल्पविरामावर शिफ्टमध्ये बसलेला ष उठवून ऴच्या जागी, म्हणजे शिफ्ट आणि बीवर, न्यायचा. ृ जाईल ऩच्या जागी, शिफ्ट आणि व्हीवर. ॅ ठेव शिफ्ट आणि एक्सवर, तिथला चंद्रबिंदू मराठीत जवळजवळ लागत नाही. झेडच्या बटणावर ॉ आणि शिफ्टमध्ये ऑ.

झेडवर ण आणायचा मोह मलाही झाला. 'आणि', 'पण', 'म्हणून' यांत दरवेळी शिफ्ट दाबावी लागते, ते खटकतंच. पण म, न, व ही तीन व्यंजनं आधीच डाव्या बाजूला आहेत आणि 'मी', 'ने', 'वा' लिहिताना डाव्या अंगठ्याला लागोपाठ दोनदा पळावं लागतं. त्यात चौथं व्यंजन नको. न आणि व मधोमध असल्यामुळे उजवा अंगठा तिथपर्यंत पोचतो. बाबांना तशी सवय लागू दे. ऱ मात्र हलवू नकोस. तो शिफ्ट आणि जेवर आहे आणि त्याला पाय मोडून य जोडला की 'दऱ्या' नीट उमटतं.

शिफ्टचं नीट ऐक, कारण हातातल्या कीबोर्डचं निम्मं सुख त्यात आहे. 'आहे'चा आ, 'घर'चा घ, ळ, ण, श, सगळे शिफ्टमध्ये. एक अंगठा शिफ्ट दाबून धरण्यात अडकला तर लिहायला उरतो एकच. म्हणून शिफ्ट एकदा दाबून सोडली की फक्त पुढच्या एका बटणापुरती लागू राहील, अशी ठेव. चौथ्या ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक शिफ्ट दे. ळ उजवीकडे आहे, त्यासाठी डावी शिफ्ट, आणि आ साठी उजवी.

बोर्ड बनवायला देण्याआधी हे सगळं कागदावर खऱ्या मापात छाप. टेबलावरच्या कीबोर्डवर दोन बटणांच्या मध्यांत 19 मिमी अंतर असतं. तुझे 6 मिमीचे टॅक्ट स्विच (बोर्डावर बसणारी छोटी बटणं) साधारण 10 मिमीवर बसतील. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून तो बाबांच्या हातात दे, ऐरोलीहून वाशीपर्यंत लोकलमध्ये बसल्या बसल्या त्यांना त्यावर एखादं पत्र 'लिहू' दे आणि तू शेजारी बसून त्यांचे अंगठे बघ. कडेच्या य आणि च पर्यंत पोचताना हाताची पकड सुटत असेल तर रुंदी कमी करावी लागेल. हे पुठ्ठ्यावर फुकटात कळतं.

ही अदलाबदल संगणकात करू नकोस, कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये कर. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो. त्याचं अक्षर संगणक ठरवतो. तेव्हा तुझ्या ट च्या बटणाने मोठ्या कीबोर्डवरच्या अपॉस्ट्रॉफीचा क्रमांक पाठवला, की पायमध्ये नेहमीचं इन्स्क्रिप्ट असलं तरी ट उमटेल. क्यूएमके या कीबोर्डसाठीच्या तयार फर्मवेअरमध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन थर कर, आणि थर बदलायच्या बटणानेच संगणकाची भाषा बदलायचा शॉर्टकटही पाठव. नाहीतर कीबोर्ड मराठीत आणि संगणक इंग्रजीत, असा घोळ होतो.

पिनांची काळजी नको. चार ओळी आणि 10 उभ्या रांगा मिळून 14 पिना पुरतात, रास्पबेरी पाय पिकोवर, म्हणजे कीबोर्डचं फर्मवेअर ज्यात चालेल त्या छोट्या बोर्डावर, तेवढ्या सहज मिळतात. प्रत्येक बटणाला 1एन4148 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मात्र लाव. नाहीतर तीन बटणं एकदम दबली की न दाबलेलं चौथं अक्षर उमटू शकतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे डायोड पाकिटाने मिळतात. लावताना सगळ्यांच्या काळ्या पट्ट्या एकाच दिशेला ठेव.