‘डेब्ट’ वाचलं आणि वर्ग हसला

“ताई, दहावीपर्यंत मराठी माध्यम, ९१ टक्के. आता लातूरला अकरावी सायन्स. इंग्रजीच्या तासाला धडा मोठ्यानं वाचताना मी ‘डेब्ट’ म्हणाले, अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून पुस्तक उघडावंसंच वाटत नाही, फिजिक्सचंसुद्धा. आर्ट्स घेऊ का? बाबांनी उसने पैसे काढून हॉस्टेलची फी भरलीय, त्यांना दिवाळीत सांगेन.”

बाळ, आधी त्या ‘डेब्ट’चं (debt, म्हणजे कर्ज) बघू. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. मूळ लॅटिन शब्दात ‘बी’ आहे, तर आपल्यातही दिसायला हवा, म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसडला. लोक मात्र आपले ‘डेट’च म्हणत राहिले. ‘रिसीट’मधल्या ‘पी’चीही तीच कथा. तू जे लिहिलंय ते प्रामाणिकपणे वाचलंस, एवढंच झालं. आणि आपली मराठी तरी कुठे सरळ आहे? ‘चार’ आणि ‘चाक’ म्हणून बघ. अक्षर एकच, उच्चार दोन. तुला ते कुणी शिकवलं नाही, कानावर पडून आलं. इंग्रजी तुझ्या कानावर पडलंच किती? वाचायचा धडा आदल्या रात्री मोबाइलवर कुणाच्या तरी आवाजात ऐक, मगच वाच.

आता फिजिक्स. मला वाटतं, खरी गडबड इथे आहे. तुझे दोन विषय एकमेकांत अडकलेत. डिस्प्लेसमेंट म्हणजे तुझं जुनं विस्थापन, अ‍ॅक्सलरेशन म्हणजे त्वरण. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा होता. त्यात हे इंग्रजी शब्द कंसात दिलेले असायचे आणि आपण सगळे ते ओलांडून पुढे जायचो! ते पुस्तक घरून मागवून घे. अकरावीचा धडा उघडण्याआधी त्यातला तोच भाग वाच. शंका सरांना मराठीतच विचार, तास संपल्यावर विचारलीस तरी चालेल. पंधरा दिवस एवढंच कर. इच्छा व्हायची वाट बघत बसू नकोस, एखादं गणित सुटलं की ती आपोआप येते.

‘नीट’चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर मराठीतूनही देता येतो, हे तुला कुणीतरी सांगेलच. पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही शेजारी असतो, आणि भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजीच अंतिम धरतात. त्यामुळे तो आधार म्हणून ठेव, पळवाट म्हणून नको.

आर्ट्सबद्दल: इतिहास, अर्थशास्त्र खरंच आवडत असेल तर खुशाल जा, त्यात कमीपणा काही नाही. पण इंग्रजीच्या भीतीनं जात असशील, तर तिथंही बारावीपर्यंत इंग्रजी अनिवार्यच आहे. (मराठी माध्यमातून मोठे झालेल्या शास्त्रज्ञांची यादी मी देत नाही. निकालाच्या दिवशी सत्कारात ती तू ऐकली असशीलच.)

राहिले बाबा. उसने पैसे काढणाऱ्या माणसाला दिवाळीत एकदम “सायन्स सोडतेय” ऐकवणं बरं नव्हे. आज रात्रीच फोन कर. शाखा बदलायचं काही बोलू नकोस. “जड जातंय, नववीचं विज्ञानाचं पुस्तक पाठवा,” एवढंच सांग. एसटीनं दोन दिवसांत येईल.