जावळ काढतात की कापतात?

गिरगावातल्या एका ताईंनी विचारलंय: भाच्याच्या निमंत्रणात 'जावळ कापण्याचा समारंभ' असं छापलं, तर सासूबाईंनी नाक मुरडलं. म्हणाल्या, जावळ काढतात. बरोबर कोण? आणि जावळ हे केसांचं नाव की विधीचं?

सासूबाईच बरोबर. जावळ म्हणजे मुळात केस, बाळ जन्मतं तेव्हा डोक्यावर असतात ते. पाळण्यात डोकावून 'काय दाट जावळ आहे हो!' म्हणतात ते त्यामुळेच. विधीचं नाव त्यावरून आलं: 'रविवारी जावळ आहे.' केस वाढले की कापतात, पुन्हा वाढतात, पुन्हा कापतात. जावळ एकदाच जातं आणि मुळासकट गेल्यासारखं जातं, म्हणून 'काढणं'. नंतर उगवतात ते नुसते केस. कापायची ती फक्त पहिली बट; बाळाला मांडीवर घेऊन मामा कात्री लावतो, पुढचा गोटा न्हाव्याच्या हाती.

पोथीतला शब्द चौल, म्हणजे चूडाकर्म. चूडा म्हणजे शेंडी. गंमत बघा, संस्कृत नाव डोक्यावर जे राखायचं त्याचं, मराठी नाव जे जाणार त्याचं. मनुस्मृतीत हा विधी पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी सांगितलाय. (अलिबागजवळच्या चौलचा याच्याशी संबंध नाही. त्या गावाचं जुनं नाव चेमुल. आपल्या बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतल्या लेखांतही ते आहे.)

जावळ काढलं की केस दाट येतात, हे मात्र खरं नाही. केसाचं मूळ त्वचेच्या आत. वस्तरा फिरतो तो वरच्या निर्जीव भागावर. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं इतकंच. शिवाय पहिल्या काही महिन्यांत बाळाचे बरेचसे केस आपोआप गळतात. डोक्याच्या मागे उशीला घासून पडलेला तो गुळगुळीत पट्टा सगळ्या आयांच्या ओळखीचा. न्हावी येईपर्यंत अर्धं जावळ दुपट्यावरच निघालेलं असतं!

'काढणं' हे क्रियापद सगळीकडे इतकं लाडाचं नाही. 'तिचे केस काढले' याचा अर्थ जुन्या घरांत एकच होता: नवरा गेला, वपन झालं. 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं.

कुठे 'जाऊळ' लिहिलेलं दिसलं तर खोडू नका, तेही चालतं.