घिरट्या घालणारे मोजू नका, सुटणारे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला नव्याने आला आहात, एप्रिलमध्ये ऑन्टॅरिओ सरोवराकाठच्या ब्रॅडक बे इथे स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून जायचं आहे, ८×४२ दुर्बीण जवळ आहे. पण आकाशात दोनशे-तीनशे पक्षी एकत्र गरगरत असतील तर ते मोजायचे कसे, आणि तोच पक्षी दोनदा मोजला गेला नाही हे कशावरून?

आधी पक्षी तिथे का येतात ते बघा, म्हणजे मोजायची पद्धत आपोआप कळेल. हे पक्षी पंख मारत लांब जात नाहीत. जमीन तापली की गरम हवेचा स्तंभ वर चढतो, त्यात गिरक्या घेत उंची गाठायची आणि मग पंख ताणून पुढच्या स्तंभापर्यंत घसरत जायचं, असा त्यांचा प्रवास चालतो. वसंतात ऑन्टॅरिओ सरोवराचं पाणी थंड असतं, त्यावर असे स्तंभ उठत नाहीत. त्यामुळे दक्षिणेकडून आलेले पक्षी किनाऱ्याशी अडतात आणि किनारा धरून पूर्वेकडे वळतात. म्हणजे तुम्ही पश्चिमेकडे बघत बसायचं. पक्षी डावीकडून, पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतील.

आता मुख्य मुद्दा. गिरक्या घेणारा थवा, ज्याला तिथे सगळे 'केटल' म्हणतात, तो मोजायचा नसतो. त्यात खालून नवे पक्षी शिरत असतात, वरून जुने निघत असतात, एकामागे एक झाकले जातात. तिथे फक्त ढोबळ अंदाज घ्या आणि सोबत्याला सांगून ठेवा. खरी मोजणी केटलच्या माथ्यावर होते. उंची मिळाली की पक्षी पंख किंचित आखडून एकामागे एक सरळ रेषेत सुटतात. ही धार मोजायला सोपी असते. दुर्बीण धारेच्या मागे फिरवू नका. एका जागी स्थिर धरा आणि दृश्याच्या मधून जाणाऱ्या काल्पनिक उभ्या रेषेला जो ओलांडेल, त्याचीच नोंद करा. रेषेच्या पूर्वेला गेलेला पक्षी संपला, त्याच्याकडे परत बघायचं नाही. दोनदा मोजण्याचा प्रश्न बहुतांश इथेच सुटतो.

धार दाट झाली तर दहा-दहाने मोजा. आधी दहा पक्षी खरोखर मोजा, ते दृश्यात किती जागा व्यापतात ते डोळ्यात ठेवा, मग तेवढे तुकडे पुढे टाकत जा. दर काही मिनिटांनी पुन्हा दहा मोजून माप ताडून बघा, कारण धार विरळ झाली तरी डोळा जुनंच माप लावत राहतो. क्लिकर (बटण दाबून आकडा वाढवायचं हातातलं यंत्र) वापरत असाल तर एक दाब म्हणजे एक की दहा, हे तासाच्या सुरुवातीलाच ठरवा. मध्येच बदललात तर तो तास वाया गेला असं समजा. शेवटी आकडा 'गोल' करायचा मोह आवरा. ३८७ असेल तर ३८७ लिहा.

दोघं असाल तर कामं वाटून घ्या. एक जण फक्त ब्रॉड-विंग्ड हॉक (इथे सर्वाधिक संख्येने येणारा ससाण्यासारखा शिकारी पक्षी) क्लिकरवर मोजत राहतो, दुसरा आकाश चाळतो आणि इतर जाती बोलून लिहून घेतो. नाहीतर शेकडो ब्रॉड-विंग्डच्या नादात एकटा रेड-टेल्ड हॉक किंवा गोल्डन ईगल निसटतो. नव्या माणसाने पहिला हंगाम दुसरी भूमिका करावी. क्लिकरपेक्षा शोधणारे डोळे जास्त लागतात.

शोधण्याचंही तंत्र आहे. निरभ्र निळं आकाश दिसायला सुंदर, मोजायला सगळ्यात वाईट. डोळ्याला धरायला काही नसलं की फोकस आपोआप जवळ येतो आणि वरचा ठिपका दिसतच नाही. म्हणून आधी दूरच्या झाडांच्या रांगेवर किंवा ढगाच्या कडेवर नजर बसवा, मग वर सरका. क्षितिजापासून पट्ट्या पाडा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढलेली. डोक्यावरचा भाग सगळेच विसरतात. पोलराइज्ड गॉगल आणि पाठ मागे झुकवता येईल अशी खुर्ची या दोन गोष्टी टेलिस्कोपच्या आधी घ्या.

हवेचं गणित: दक्षिण किंवा नैर्ऋत्य वारा आणि ऊब असेल तर पक्षी किनाऱ्याशी दाटतात. दुपारी सरोवरावरून वारा सुरू झाला की रांग काही किलोमीटर आत सरकते आणि वेधस्थळावरून दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम ठिपके दिसतात. पक्षी थांबलेले नसतात, तुम्हाला दिसत नसतात. पूर्वेला डर्बी हिल या दुसऱ्या मोजणीच्या जागी तर यासाठी उत्तर आणि दक्षिण अशी दोन वेधस्थळं आहेत. तिथले आणि ब्रॅडक बेचे आकडे मात्र कधी एकत्र करू नका. दोन्ही जागा एकाच किनाऱ्यावर सुमारे १२० किलोमीटर अंतराने आहेत, आणि तेच पक्षी दोन्हीकडे मोजले जाऊ शकतात.

ओळखीबद्दल थोडंच सांगतो. मार्चमध्ये टर्की व्हल्चर (एक गिधाड) आणि रेड-शोल्डर्ड हॉक, एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत ब्रॉड-विंग्डचा महापूर, मे महिन्यात त्यांचीच एक वर्षाची पिल्लं. टर्की व्हल्चर पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून डुलत जातो, बॉल्ड ईगल सपाट फळीसारखा. रेड-टेल्डच्या पंखाच्या पुढच्या कडेला खांद्याजवळ गडद पट्टी असते. ती दिसली की दुसरं काही बघायची गरज नाही. शिक्रा ज्यांनी पाहिलाय त्यांना शार्प-शिन्ड हॉकची चाल लगेच ओळखू येईल: भराभर पंख, मग थोडं घसरणं, पुन्हा पंख. कूपर्स हॉक त्याच घराण्यातला, पण डोकं पंखांच्या पुढे चांगलं बाहेर आलेलं आणि शेपटीचं टोक गोल. ओळख पटली नाही तर 'अनोळखी' लिहा. त्यासाठी फॉर्मवर रकाने असतात आणि ते भरण्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव मात्र यादीत कायमचं राहतं.

स्थानिक पक्षी हा डोकेदुखीचा विषय. टर्की व्हल्चर, रेड-टेल्ड, बॉल्ड ईगल तिथे राहतातही. जो शिकार शोधत घुटमळतो, परत पश्चिमेला वळतो, झाडावर बसून राहतो, तो मोजायचा नाही. रेषा ओलांडून पूर्वेकडे दिसेनासा झाला तरच मोजायचा. शंका असेल तर त्या दिवशीच्या मुख्य मोजणीदाराचा निर्णय अंतिम. मग त्यावर वाद नको, कारण नियम दररोज तोच असणं जास्त महत्त्वाचं.

नोंद तासागणिक करायची: वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, ढग, दृश्यमानता, निरीक्षक किती, पक्षी कोणत्या उंचीवर. उंचीचे ० ते ७ असे संकेतांक आहेत: ० म्हणजे डोळ्याच्या पातळीखाली, ४ म्हणजे नुसत्या डोळ्याला न दिसणारे पण दुर्बिणीत दिसणारे, ७ म्हणजे ठरावीक उंची नाही. आणि नवा माणूस हमखास फसतो ती गोष्ट: अशा मोजण्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या हॉक मायग्रेशन असोसिएशन या संस्थेच्या फॉर्मवर प्रमाणवेळ लिहितात, उन्हाळी वेळ नाही. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेल्यावर मनगटावर १ वाजला असेल तेव्हा फॉर्मवर १२ असतात. एकाने अशी आणि दुसऱ्याने तशी वेळ लिहिली की दिवसाचा एक तास दोनदा येतो किंवा गायब होतो.

शून्य पक्ष्यांचा तासही लिहा. हे कंटाळवाणं वाटतं, पण कल काढताना आकड्याला मोजणीच्या तासांनी भागतात. रिकामे तास गाळले तर दर फुगतो, आणि पुढच्या वर्षी कोणी प्रामाणिकपणे सगळे तास लिहिले की पक्षी घटल्यासारखे दिसतात.

कपड्यांचं एकच: एप्रिलमध्ये शहरात ऊन असलं तरी सरोवराकाठी थंडी बोचते. हातमोजे असे घ्या की क्लिकरचं बटण बोटाला कळेल.