रुग्णालयातील फार्मासिस्ट दिवसभर नेमके काय करतो?

प्रश्न : माझी मुलगी विज्ञान शाखेत शिकत असून तिला औषधनिर्माणशास्त्र शिकून रुग्णालयात काम करायचे आहे. घरातील मोठ्यांचे म्हणणे असे, की डॉक्टरांनी लिहिलेले औषध काढून द्यायचे एवढेच ते काम. त्यासाठी इतकी वर्षे शिकायची कशाला? तिला काय सांगावे, हे मला कळत नाही. – एक आई

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातील शंका स्वाभाविक आहे, कारण रुग्णाला आणि नातेवाइकांना फार्मासिस्ट भेटतो तो औषधे मिळण्याच्या खिडकीपाशी. मोठ्या रुग्णालयात त्या खिडकीमागे एक संपूर्ण विभाग चालतो. त्यातील कोणी औषधे तपासून देतो, कोणी वॉर्डात असतो, कोणी निर्जंतुक खोलीत इंजेक्शने तयार करतो, तर कोणी साठा सांभाळतो. लहान रुग्णालयात हीच कामे एक-दोन जण वाटून घेतात. यांतील प्रत्येक कामाचा स्वभाव वेगळा असल्यामुळे आपल्या कन्येने त्यांची ओळख आधीच करून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रथम खिडकीवरच्याच कामाविषयी लिहितो, कारण गैरसमज त्याच्याविषयीच अधिक आहे. चिठ्ठी हाती आली की फार्मासिस्ट रुग्णाचे वय, वजन, ॲलर्जी, मूत्रपिंडाची स्थिती आणि आधीपासून चालू असलेली औषधे यांच्याशी ती ताडून पाहतो, आणि त्यानंतरच औषध देण्याचा निर्णय घेतो. मेथोट्रेक्झेटचे उदाहरण घ्या. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेल्यामुळे रुग्ण दगावल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. ‘रोज एक’ असे लिहिलेली चिठ्ठी समोर आल्यावर हात आखडता घेऊन डॉक्टरांना फोन करणारी व्यक्ती तेथे असणे, यावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो. म्हणूनच नीट चालणाऱ्या विभागात शक्यतो औषधे एक जण काढतो आणि अंतिम तपासणी दुसरा करतो. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, हे त्यामागचे कारण आहे.

वॉर्डात काम करणाऱ्याला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात. डॉक्टरांची फेरी सुरू होण्यापूर्वीच तो रक्ताचे अहवाल आणि औषधांचे तक्ते वाचून ठेवतो. मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण असलेले रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर कोणत्या औषधाची मात्रा कमी करावी, व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची रक्तातील पातळी पुरेशी आहे की धोक्याकडे झुकते आहे, रक्ताच्या गुठळ्या रोखणारे वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला नवे प्रतिजैविक चालेल का, अशा प्रश्नांवर तो फेरीत आपले मत देतो. रुग्ण दाखल होताना त्याची घरची सर्व औषधे विचारून नव्या आदेशांशी जुळवून पाहणे आणि घरी जाताना काय बंद झाले, काय बदलले हे त्याला समजावून सांगणे, हेही याच कामाचा भाग आहे. औषधांच्या पुष्कळ चुका या दोन वळणांवर होतात. 1990 मध्ये हेपलर आणि स्ट्रँड या अभ्यासकांनी असा विचार मांडला, की फार्मासिस्टची जबाबदारी औषध हाती देऊन संपत नाही, त्या औषधाने रुग्णाला गुण येतो की नाही यातही तो भागीदार असतो. आजची वॉर्डातली ही भूमिका मोठ्या प्रमाणात त्याच विचारावर उभी आहे.

निर्जंतुक खोलीतील कामाविषयी फार थोडे बोलले जाते. कर्करोगाची इंजेक्शने आणि शिरेतून द्यावयाचे पोषणद्रव तेथे गाळलेल्या हवेच्या प्रवाहाखाली तयार होतात. पोषणद्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे प्रमाण चुकले, तर साका तयार होऊन तो थेट रुग्णाच्या रक्तात जाऊ शकतो. त्यामुळे येथे गणित पक्के असावे लागते. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध केवळ शिरेतून द्यायचे असते आणि चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले, तर ते जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरते. त्यामुळे ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीत तयार करून पाठवावे, अशी शिफारस आहे, कारण पिशवी कण्यात टोचण्याची चूक होणे जवळपास अशक्य असते. औषध कोणत्या रूपात वॉर्डात पोहोचावे एवढ्या निर्णयाने मृत्यू टळतो, ही गोष्ट मला या व्यवसायाविषयी नितांत आदर वाटायला लावते.

साठ्याचे काम शिस्तीचे आहे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवणे, ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरणे, अमली औषधांचा हिशेब गोळीगणिक जुळवणे आणि एखाद्या औषधाचा तुटवडा पडल्यास डॉक्टरांना पर्याय सुचवणे, हे त्यात येते. कोणती औषधे रुग्णालयात ठेवावीत हे ठरवणाऱ्या समितीतही अनुभवी फार्मासिस्ट बसतो.

या कामाची कठीण बाजूही कन्येला आताच सांगावी. अनेक ठिकाणी रात्रपाळी असते, बराच वेळ उभे राहावे लागते, आणि तपासणी चालू असतानाच फोन वाजत राहतात. त्याहून अवघड म्हणजे, वयाने आणि अधिकाराने मोठ्या असलेल्या डॉक्टरांना मात्रेविषयीची शंका नम्रपणे, पण न डगमगता सांगावी लागते, आणि कधी उत्तर रागाने आले तरी शंका फिटेपर्यंत औषध रोखून धरावे लागते. ज्याला हे जमत नाही, त्याने वॉर्डाऐवजी औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा किंवा संशोधनाचा विचार करावा. तेही तितकेच मोलाचे काम आहे.

महाविद्यालय निवडताना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णालयात किती काळ काम करायला मिळते आणि ते केवळ औषध विभागापुरते असते की वॉर्डातही असते, हे स्पष्ट विचारून घ्या. शक्य असल्यास प्रवेशापूर्वी एखाद्या रुग्णालयाच्या औषध विभागाची रीतसर परवानगी काढून तिला तेथे एक पूर्ण दिवस बसू द्या, आणि चिठ्ठीत चूक सापडली की पुढे काय केले जाते, हा प्रश्न तेथील फार्मासिस्टला तिने स्वतः विचारावा.